प्रतिनिधीच्या कामाची वही

गृहस्थाच्या घरात हिशेबाच्या वह्यांना तोटा नसतो. दुधाच्या रतिबाची नोंद दिनदर्शिकेवर असते, वाण्याचे खाते वेगळ्या वहीत असते, धुण्याभांड्याच्या बाईचे खाडे स्वयंपाकघराच्या दारामागे मांडलेले असतात. महिनाअखेर दहा रुपयांचा फरक निघाला तरी आपण दोन वेळा बेरीज करून पाहतो, आणि तो कोठून आला हे उमगल्यावाचून आपल्याला चैन पडत नाही. परंतु ज्या मनुष्याला आपण पाच वर्षांकरिता आपल्या नावाने कायदे करण्याचा व आपल्यावर कर बसविण्याचा अधिकार देतो, तो सभागृहात किती दिवस हजर होता, तेथे काय बोलला, आणि मत देण्याची वेळ आली तेव्हा कोणत्या बाजूस उभा राहिला, ह्याचे टिपण ठेवणारे कुटुंब शंभरांत एक तरी आढळेल काय? बोटाला शाई लागली की आपले कर्तव्य संपले, असा पुष्कळांचा समज असतो. पुढे पाच वर्षे आपण त्या प्रतिनिधीविषयी बोलतो पुष्कळ. पण ते बहुतेक सारे ऐकीव असते.

आमच्या घरी अशी एक वही २०२१ च्या पावसाळ्यापासून ठेवली जात आहे. तिच्यावरून घरात जो वाद झाला आणि त्यातून जे निष्पन्न झाले, ते इतर कुटुंबांनाही विचार करण्याजोगे वाटेल, अशा समजुतीने हे लिहीत आहे.

आमचे कुटुंब एकत्र आहे. सासूबाई, मामंजी, तिघे भाऊ, आम्ही तिघी जावा आणि पाच मुले अशी तेरा माणसे एका छपराखाली नांदतात. मी मधली सून. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मामंजींना धाप लागू लागली. प्राणवायूची सोय असलेली खाट तालुक्यात नव्हती, आणि जिल्ह्याच्या गावी मिळेना. थोरल्या भाऊजींनी रात्री अकरा वाजता आमच्या खासदारांना फोन केला. ओळख बेताचीच होती. तरी त्यांनी स्वतः फोन घेतला, दोन ठिकाणी शब्द टाकला, आणि पहाटेच्या सुमारास मामंजींना खाट मिळाली. वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी ते सतरा दिवसांनी चालत घरी आले. त्या दिवसापासून ह्या गृहस्थांचे नाव आमच्या घरी मोठ्या आदराने घेतले जाऊ लागले, ह्यात नवल ते काय?

त्याच पावसाळ्यात थोरल्या भाऊजींची मुलगी दहावीत होती. एके रात्री जेवताना तिने सहज विचारले, “काकू, आपले खासदार दिल्लीला जाऊन नेमके करतात तरी काय?”

भाऊजी म्हणाले, “कामे करतात.”

“कोणती कामे, बाबा?”

भाऊजींनी रस्ता सांगितला, देवळापुढचा सभामंडप सांगितला, रुग्णवाहिका सांगितली. मुलगी म्हणाली, “ही तर त्यांच्या निधीतली कामे झाली. संसदेत काय करतात?”

पंगतीत सहा-सात शिकलीसवरलेली माणसे होती. त्यांत पदवीधर होते, एक निवृत्त मुख्याध्यापक होते. परंतु ह्या साध्या प्रश्नाला उत्तर कोणापाशी नव्हते. खासदारांच्या हाती वर्षाला काही कोटींचा स्थानिक विकास निधी देण्याची पद्धत १९९३ मध्ये सुरू झाली, आणि तेव्हापासून त्यांचे मूल्यमापन आपण जणू एखाद्या मक्तेदाराचे करावे तसे डांबर व सिमेंट ह्यांवरून करू लागलो. कायदे करणे, सरकारला जाब विचारणे आणि सार्वजनिक पैशाच्या खर्चास मंजुरी देणे ही जी त्यांची मुख्य कामे, ती आपल्या दृष्टीआड झाली. मुलगी म्हणाली, “काकू, संसदेच्या संकेतस्थळावर सारे असते. आपण पाहू या का?” दुसऱ्या दिवशी ती फोन घेऊन बसली आणि मी शंभरपानी वही घेऊन. वहीत आम्ही चार रकाने आखले: हजेरी, प्रश्न, भाषणे आणि मते.

ह्यांपैकी हजेरीचा रकाना सर्वांत सोपा, आणि म्हणूनच काहीसा फसवा. सदस्याने हजेरी नोंदविली म्हणजे तो त्या दिवशी संसदेत आला एवढेच ठरते. आत किती वेळ बसला हे त्यावरून कळत नाही. मंत्र्यांना अशी सही करावी लागत नाही, म्हणून मंत्र्याचा रकाना रिकामा दिसला तर त्यास दोष देता कामा नये. आपल्या राज्यघटनेच्या १०१ व्या अनुच्छेदाप्रमाणे सभागृहाच्या परवानगीवाचून सदस्य साठ दिवस गैरहजर राहिला, तर त्याची जागा रिकामी झाल्याचे सभागृह जाहीर करू शकते. पण एवढी पाळी क्वचितच येते. दिल्लीची पीआरएस ही संस्था सदस्यांच्या कामाची आकडेवारी मांडीत असते. तिच्या गणनेप्रमाणे सतराव्या लोकसभेत, म्हणजे २०१९ ते २०२४ ह्या काळात, सदस्यांची सरासरी हजेरी शेकडा ७९ होती. आमच्या खासदारांची निघाली शेकडा ७१. सासूबाई ऐकून म्हणाल्या, “म्हणजे शंभरांत एकोणतीस खाडे की गं!” त्यांच्या हिशेबात ते फार होते. परंतु खाडे मोजताना सभागृहच किती दिवस उघडे होते हेही पाहिले पाहिजे. १९५२ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या होत्या. सतराव्या लोकसभेच्या अवघ्या २७४ झाल्या. पूर्ण मुदत भरलेल्या कोणत्याही लोकसभेच्या इतक्या कमी बैठका झालेल्या नाहीत. दोषाचा सगळा भार एकट्या सदस्याच्या माथी मारता येत नाही तो असा.

दुसरा रकाना प्रश्नांचा. प्रश्न दोन जातींचे: तारांकित आणि अतारांकित. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताचे उत्तर लेखी मिळते. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात, आणि आलेल्या ढिगातून कोणाचे घ्यावयाचे हे सोडतीने ठरते. तेव्हा प्रश्नांच्या संख्येत थोडा दैवाचाही भाग असतो. शिवाय पुष्कळ प्रश्न विचारणारा तो उत्तम सदस्य, असेही समजू नये. १९५१ साली हंगामी संसदेत एच. जी. मुदगल ह्या सदस्यांवर आरोप आला की, मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन ते तिच्या सोयीचे प्रश्न विचारतात. समितीने चौकशी केली, पंडित नेहरूंनी स्वतः हकालपट्टीचा ठराव मांडला, आणि ठराव संमत होण्यापूर्वी मुदगलांनी राजीनामा दिला. २००५ साली तर प्रश्नांकरिता पैसे घेतल्यावरून दोन्ही सभागृहांचे मिळून अकरा सदस्य घरी पाठविण्यात आले. म्हणून प्रश्न मोजण्यापेक्षा वाचावेत, आणि वाचताना तो कोणाच्या हिताचा आहे हे पाहावे.

आमच्या खासदारांचे नव्वदांहून थोडे अधिक प्रश्न निघाले. ऊस, साखर, रेल्वेचे फाटक, राष्ट्रीय महामार्गाचा मोबदला असे त्यांचे विषय होते. आरोग्यावर दोनच, परंतु दोन्ही २०२१ च्या पावसाळी अधिवेशनातले. त्या दोन नोंदी पाहून मी बराच वेळ विचार करीत बसले. एप्रिल-मे महिन्यांत ज्यांना रात्री-अपरात्री असे फोन आले, त्यांनी जुलैत दिल्लीला जाऊन सरकारला खाटांविषयी विचारले होते. ह्याची वार्ता आमच्या गावात कोणालाही नव्हती. त्यांचे गुणगान करणाऱ्या भाऊजींनाही नव्हती. टिपण ठेवल्याने माणसाचे दोषच तेवढे सापडतात असे नाही, न गायिलेले गुणही सापडतात. त्यातच मुलीने आणखी एक गोष्ट काढली. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय घटनेने राज्यांकडे दिलेला आहे. आमच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर का नाही, हे खरे म्हणजे आमदारांनी विधानसभेत विचारावयाचे. तेव्हा वही उलटी करून मागच्या बाजूने आम्ही आमदारांचे खाते उघडले. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचे मुद्दे असे तेथले रकाने. विधिमंडळाची माहिती मात्र संसदेइतकी सुबक रीतीने हाती येत नाही. ती वर्तमानपत्रांतून वेचावी लागते.

भाषणांच्या रकान्यापाशी आले की मला नामदार गोखल्यांची आठवण होते. आपल्या घरांतून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. पण त्यांनी कौन्सिलात काय केले हे सांगणारे थोडेच भेटतात. १९०२ साली त्यांनी वरिष्ठ कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे सभासदांस अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. आपल्या बोलण्याने एक पैही इकडची तिकडे होणार नाही हे ठाऊक असूनही हा मनुष्य वर्षानुवर्षे सरकारी आकडे अभ्यासून उभा राहत असे. १९११ च्या मार्चमध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते चिकित्सक समितीकडे पाठविण्याच्या प्रस्तावावर मते घेतली गेली, तेव्हा बाजूने पडली १३ आणि विरुद्ध ३८. विधेयक पडले, पण त्या दिवशी मुलांच्या शिक्षणाच्या बाजूस कोण उभे राहिले आणि कोण नाही, ही गोष्ट कामकाजात नोंदली गेली. हरलेल्या मताचीही नोंद राहते आणि पुढच्या पिढीला ती पाहता येते, हा मतनोंदीचा मोठा उपयोग आहे.

आता चौथा रकाना. आम्हांस वाटले होते की तो सर्वांत लवकर भरेल. भरला सर्वांत उशिरा, आणि तोही अर्धामुर्धा. ह्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

इंग्लंडच्या कॉमन्स सभेने १८३६ पासून कोणी कोणत्या बाजूस मत दिले ह्याच्या याद्या अधिकृतपणे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. अमेरिकेच्या घटनेतच अशी तरतूद आहे की, हजर सदस्यांपैकी एक पंचमांशांनी मागणी केली तर प्रत्येकाचे मत नावानिशी नोंदवावे. आपल्याकडे बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने निकालात निघतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी होकार द्यावा, प्रतिकूल असतील त्यांनी नकार द्यावा; आणि कोणता गजर मोठा हे ऐकून निर्णय सांगतात. हा निर्णय कोणी अमान्य केला तर विभाजन होते. बाहेरच्या सदस्यांसाठी साडेतीन मिनिटे घंटा वाजते, मग दारे लागतात, आणि यंत्राने किंवा चिठ्ठ्यांनी नावनिशीवार मते घेतली जातात. लोकसभेत हे यंत्र १९५७ पासून आहे. विभाजनाची मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांस वाटले, तर ते सदस्यांना जागीच उभे करून नुसती डोकी मोजू शकतात. अशा वेळी नावे नोंदली जात नाहीत. घटनादुरुस्तीची गोष्ट निराळी. तिला विशेष बहुमत लागते, म्हणून तेथे मोजणीवाचून गत्यंतर नसते.

ह्याचा परिणाम काय होतो पाहा. २०२३ च्या सप्टेंबरात स्त्रियांना लोकसभेत व विधानसभांत एक तृतीयांश जागा राखून ठेवण्याची घटनादुरुस्ती लोकसभेत आली. बाजूने ४५४ मते पडली, विरुद्ध २. ते दोघे कोण हे सर्वांस ठाऊक आहे, आणि त्यांपैकी एक महाराष्ट्रातूनच निवडून गेलेले होते. त्यांचे म्हणणे पटो वा न पटो, त्यांनी ते उघडपणे नोंदविले. ह्याच्या उलट, २०२० च्या सप्टेंबरात शेतीविषयक विधेयके राज्यसभेत गोंधळात आवाजी मतदानाने संमत झाली. विरोधकांनी विभाजन मागितले होते. सदस्य आपापल्या जागी नसता विभाजन घेता येत नाही, अशी पीठासनाची बाजू होती. खरेखोटे काहीही असो, त्या दिवशी कोणी कोणत्या बाजूस मत दिले ह्याची यादीच अस्तित्वात नाही. आपल्या विधानसभेतही हेच. २०१४ च्या नोव्हेंबरात सरकारने विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने जिंकला. २०१९ आणि २०२२ साली मात्र शिरगणती झाली, आणि अनुक्रमे १६९ व १६४ सदस्य सरकारच्या बाजूस मोजले गेले. एका मताची किंमत काय असते हे सांगावयास १९९९ चा एप्रिल पुरे. त्या महिन्यात लोकसभेत सरकारच्या बाजूने २६९ आणि विरुद्ध २७० मते पडून केंद्रातले सरकार गेले.

दुसरी अडचण पक्षादेशाची. १९८५ साली घटनेला दहावे परिशिष्ट जोडण्यात आले. त्यान्वये पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्या किंवा मतदानास गैरहजर राहणाऱ्या सदस्यास पक्षाने पंधरा दिवसांत क्षमा न केल्यास त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. पक्षांतराच्या बाजाराला आळा घालण्यासाठी हा उपाय योजिला गेला, आणि त्याची गरज नव्हती असे कोणी म्हणणार नाही. पण त्यामुळे सदस्याचे मत हे पुष्कळ अंशी पक्षाचे मत झाले. म्हणून मतांचा रकाना वाचताना तो मनुष्याच्या विवेकाचा आरसा आहे असे समजू नये. त्याने पक्षाच्या बैठकीत काय म्हटले, भाषणात कोणती शंका काढली, कोणती दुरुस्ती सुचविली, हे त्याच्या शेजारी ठेवून वाचावे.

आमच्या वहीत पाच वर्षांत नावनिशीवार मतांच्या ज्या थोड्या नोंदी जमल्या, त्यांत दोन ठिकाणी आमच्या खासदारांचे नाव कोणत्याच बाजूस नव्हते.

हे सारे आम्ही दोघींनी शांतपणे चालविले होते. वाद पेटला तो २०२४ च्या मार्चमध्ये. लोकसभेची निवडणूक जाहीर झाली आणि भाऊजींनी नेहमीप्रमाणे पंगतीत सांगून टाकले की, घरची नऊ मते साहेबांना जातील. नववे मत त्या मुलीचे. तिला नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झाली होती. ती म्हणाली, “बाबा, माझे मत मी वही पाहून ठरवीन.”

भाऊजी संतापले. “ज्याने तुझ्या आजोबांचा जीव वाचविला त्याचे खाडे मोजतेस? लाज वाटत नाही? त्या रात्री तुझी वही धावून आली नव्हती.”

मुलगी रडवेली झाली, पण हटली नाही. मी तिची बाजू घेतली, आणि धाकट्या जाऊबाईंनी भाऊजींची. त्यांचे म्हणणे असे की, कायदे कोणी केले म्हणून आपल्या चुलीवर काय फरक पडतो? अडल्यानडल्याला उभा राहील तो खरा. हे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. गावोगावची माणसे ह्याच विचाराने मत देतात, आणि त्यांच्या अनुभवाला काही आधार असतो. दोन दिवस घरात अबोला होता.

तिसऱ्या दिवशी मामंजींनी सर्वांना बोलाविले. ते मितभाषी आहेत. म्हणाले, “खाट मला मिळाली, तेव्हा ऋण माझे आहे. ते मी विसरलेलो नाही. उद्या त्यांच्या घरी काही अडचण आली तर ह्या वयातही काठी टेकीत जाईन. पण ऋण फेडावे ते आपल्या धनातून. मत हे माझे धन नव्हे, ती माझ्याकडे ठेवलेली ठेव आहे. त्याच आठवड्यात आपल्या आळीतला शिंप्याचा मुलगा गेला. पस्तिशीचा होता. त्याच्या बापाजवळ कोणाचा नंबर नव्हता. माझ्या मतात त्याचाही वाटा आहे.”

कोणी काही बोलले नाही. भाऊजी उठून अंगणात गेले. त्यांच्या मनात काय चालले होते ते मी जाणते. ते दुष्ट नव्हते वा भोळेही नव्हते. त्या रात्री फोन हातात घेऊन ते एकटे उभे होते, आणि पलीकडून मिळालेला शब्द त्यांना जन्मभर पुरणारा होता. परंतु मामंजींनी ज्या गोष्टीवर बोट ठेवले तिला तोड नव्हती. खाट मिळण्यासाठी ओळख लागू नये, ही व्यवस्था करणे हेच तर प्रतिनिधीचे काम. आणि ते काम फोनवर होत नाही, सभागृहात होते.

एप्रिलमध्ये प्रचाराच्या फेरीत खासदार आमच्या घरी आले. मामंजींच्या पाया पडले, प्रकृती विचारली. चहा झाल्यावर मी मनाचा हिय्या करून म्हटले, “साहेब, राग मानू नका. आमच्या मुलीने आपल्या कामाची वही ठेविली आहे. तिला दोन-तीन गोष्टी विचारावयाच्या आहेत.” त्यांच्याबरोबरचे कार्यकर्ते चुळबुळ करू लागले, पण साहेबांनी हात पुढे करून वही घेतली आणि चष्मा लावून पाने चाळली.

मग म्हणाले, “वहिनी, पंचवीस वर्षे ह्या धंद्यात आहे. लग्नाला का आला नाहीत, हे मला हजारांनी विचारले. मत कोठे दिले, हे विचारणारी ही पहिली मुलगी.”

तिने खाड्यांविषयी विचारले. ते म्हणाले, “सोमवारी आणि शुक्रवारी मी बहुधा येथे असतो. वास्तुशांत, साखरपुडा, दहावा, तेरावा. दिल्लीत राहिलो तर गावात बोलतात, निवडून आल्यावर तोंड दाखवीत नाहीत.” मग त्या दोन गाळलेल्या मतांविषयी तिने विचारले. एका वेळी ते आजारी होते. दुसऱ्या तारखेपाशी ते थोडे थांबले आणि हसले. “खरे सांगू? त्या दिवशी पक्षाचा आदेश कडक नव्हता. आणि येथे बाजारपेठेच्या इमारतीचे उद्घाटन होते. मंडळींनी फारच आग्रह धरला होता.”

ते उद्घाटन आम्हां सर्वांच्या आठवणीत होते. त्याचे छायाचित्र आमच्या ओटीवर लावलेले आहे, आणि त्यात पहिल्या रांगेत भाऊजी बसलेले आहेत. भाऊजींची नजर त्या चित्राकडे गेली. ते अगदी हळू म्हणाले, “म्हणजे त्या दिवशी आपणच त्यांना तेथून ओढून आणले.”

जाताना साहेबांनी मुलीला एक सूचना केली. “तुझ्या वहीत एक रकाना नाही. समितीचा. तेथे मी नियमाने जातो. पण तेथे कॅमेरे नसतात, म्हणून कोणाला ठाऊक नाही.” ही सूचना रास्त होती. संसदेच्या विभागवार स्थायी समित्या १९९३ पासून काम करतात. त्या आज चोवीस आहेत, आणि प्रत्येकीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० सदस्य असतात. बैठका बंद दाराआड होतात. परंतु अहवालाला जोडलेल्या कार्यवृत्तात हजर सदस्यांची नावे असतात, आणि कोणाचे मत भिन्न असेल तर तेही जोडलेले असते. पंधराव्या लोकसभेत शेकडा ७१ विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत शेकडा १६. म्हणजे सदस्याला पक्षादेशाच्या जाचावाचून विचार करण्याची जी एक जागा होती, तिचाही उपयोग कमी झाला आहे. मुलीने त्याच संध्याकाळी पाचवा रकाना आखला, आणि त्यात साहेबांच्या बऱ्याच नोंदी सापडल्या.

त्या निवडणुकीत आमच्या घरच्या नऊ जणांनी आपापल्या विचाराने मते दिली. कोणी कोणास दिले हे आम्ही एकमेकांस विचारले नाही, आणि अद्यापही विचारीत नाही. आपले मत गुप्त असावे, कारण ते आपल्या एकट्याच्या विवेकाचे असते. प्रतिनिधीचे मत उघड असावे, कारण ते तो आपल्या वतीने देत असतो. ह्या दोहोंची अदलाबदल झाली, म्हणजे आपले मत चारचौघांत ठरू लागले आणि त्याचे मत गोंगाटात लपू लागले, की राज्य लोकांचे असूनही लोकांच्या हाती राहत नाही.

अठराव्या लोकसभेसाठी आम्ही नवी वही केली आहे. २०२४ च्या डिसेंबरात एकत्र निवडणुकांचे विधेयक मांडण्याच्या प्रस्तावावर विभाजन झाले, २६९ विरुद्ध १९८. त्या यादीत आमच्या मतदारसंघाचे नाव शोधण्यासाठी भाऊजी स्वतः चष्मा पुसून बसले होते. मुलगी आता शिक्षणासाठी परगावी आहे, म्हणून नोंदी ते आणि मी मिळून करतो.

ज्या घरांत दोन-तीन पिढ्या एकत्र राहतात त्यांना हे काम मुळीच जड नाही. वर्षातून संसदेची तीन अधिवेशने होतात. प्रत्येक अधिवेशन संपल्यावर एक संध्याकाळ काढावी. माहिती काढण्याचे काम मुलांकडे द्यावे, जुने संदर्भ वडिलांनी सांगावेत, आणि लिहिण्याचे काम गृहिणीने घ्यावे. आकडे मोजून थांबू नये. निदान एक प्रश्न आणि एक भाषण मुळातून वाचावे. आणि वर्षातून एकदा, दोष दाखविण्यासाठी असो वा चांगल्या प्रश्नाबद्दल आभार मानण्यासाठी असो, प्रतिनिधीला एक पत्र घालावे. आपल्याकडे कोणी पाहत आहे हे त्यांस कळले, तर पुढच्या खेपेस उद्घाटनाचे आमंत्रण नाकारण्यास त्यांनाही बळ येईल. आणि ते नाकारले म्हणून आपण रुसावयाचे नाही, एवढे पथ्य मात्र आपण पाळले पाहिजे.